तुकोगंजातली जर्मन पोथी

"तुला जर्मन येतं ना रे अव्या?" असं कुमुदआत्यानं इंदूरहून फोनवर विचारलं तेव्हा माझ्या तोंडात भडंग होतं. भरल्या तोंडानं माणसानं कशालाही हो म्हणू नये. मी म्हणालो, "येतं की थोडंफार."

आता खरं सांगतो. पुण्यात शिकत असताना एका उन्हाळ्यात मी जर्मनच्या वर्गाला तीन महिने बसलो होतो, कारण त्या वर्गात कूलर होता. त्या विद्येपैकी माझ्याकडे एक ते वीस आकडे आणि 'माझ्या काकांकडे पिवळी सायकल आहे' एवढं एक वाक्य उरलं आहे. मला काका नाहीत. सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि तिथे कधी कुणी जर्मनमध्ये चष्मा मागितलेला नाही, त्यामुळे हा मामला आजवर झाकून राहिला होता. काउंटरच्या पलीकडून मंजिरीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, माझ्याकडे नुसतं बघितलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिच्या कानावर जर्मनचा एक शब्द पडला नव्हता.

"मग लगेच निघ," आत्या म्हणाली. "डॉक्टरांची पोथी वाचून पुरी करायची आहे."

ही पोथी आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला सांगायला हवी. माझे पणजोबा इंदूर संस्थानच्या शाळाखात्यात होते आणि तुकोगंजात त्यांचं दुमजली घर होतं. जर्मनीत हिटलरचं राज्य आलं, चौकाचौकात पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, त्यात ज्यांची पुस्तकं पडली त्यांपैकी एक होते डॉक्टर क्रोनेक, कादंबरीकार. आधी पुस्तकं गेली, मग नोकरी, मग घर. त्यांची बायको एल्झाबाई नाटकांवर लिहायची. भाऊ कवी होता. तो मागेच राहिला, आणि त्याचं पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही. डॉक्टर, एल्झाबाई आणि त्यांची लहानगी लीझ असे तिघं फिरत फिरत इंदूरला पोचले, कारण इथल्या एका सरदारांना मुलांसाठी युरोपियन मास्तर हवा होता. बिऱ्हाड मिळालं आमच्या माडीवर.

हे डॉक्टर साहित्याचे, पण तुकोगंजाला ते कोण समजावणार? लोक पोटदुखी घेऊन जिना चढत. डॉक्टर जीभ बघत आणि "गरम पाणी" एवढंच म्हणत. बरेचसे लोक बरे होत.

त्यांच्या घरची रीत अशी, की दिवसभर लिहिलेलं संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवायचं. जर्मनीत ऐकायला वीस-पंचवीस माणसं जमायची. इथे दोनच, बायको आणि मुलगी. दिवेलागणीला एक गृहस्थ पुढ्यात सुटी पानं घेऊन मोठ्यानं वाचतोय, हे माझ्या पणजीनं जिन्यातून बघितलं आणि तिला ओळख पटली: ही पोथी. चालू पोथीवरून उठून जायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. पणजी हात जोडून बसली. दुसऱ्या दिवशी सुना बसल्या, मग शेजारणी आल्या, मग समई आली आणि शेवटी खडीसाखरही. ही कादंबरी आहे, असं डॉक्टरांनी महिनाभर सांगून पाहिलं. "असू दे," पणजी म्हणाली, "तुमच्यात तसं म्हणत असतील." मग त्यांनीही नाद सोडला. लेखकाला श्रोते हवे असतात. त्यांना भाषा कळते की नाही, हा पुढचा प्रश्न.

दोन वर्षं असं चाललं. मग युद्ध पेटलं आणि इंग्रजांनी सगळ्या जर्मनांना, हिटलरच्या बाजूचे असोत की हिटलरनं हाकललेले, एकाच माळेत ओवून छावणीत नेलं. पोलीस माडीवर कागद गोळा करत होते तेव्हा पणजीनं चालू पोथी उचलली, लाल फडक्यात बांधली आणि देव्हाऱ्यात ठेवली. फौजदार देव्हाऱ्यापर्यंत आला, नमस्कार केला आणि परत फिरला. क्रोनेक कुटुंबाला वाटलं, पानं पोलिसांनी नेली. ते पुन्हा इंदूरला आले नाहीत.

आणि आता, इतक्या वर्षांनी, लीझची मुलगी हॅना ती पानं मागायला येत होती. आत्याची अट एकच होती. अर्धी राहिलेली पोथी घराबाहेर जात नाही.

गुरुवार सकाळ

बसचा प्रवास वगळतो. त्यात मी झोपलो होतो आणि मंजिरी माझं घोरणं ऐकत होती, एवढीच घटना घडली.

इंदूरला उतरल्यावर मी पहिलं काम केलं ते संत्र्याची साल रस्त्यावर टाकायचं. टाकली म्हणजे काय, हातातून सुटली आणि मी वाकलो नाही. मागून एक सूटबूटवाले गृहस्थ आले, त्यांनी साल उचलली आणि दोन्ही हातांनी, देवळातलं फूल द्यावं तशी, माझ्या हातात ठेवली. "भाईसाब, आपका कुछ गिर गया था." मी धन्यवाद म्हणालो. पुढे ओल्या कचऱ्याचा डबा सापडेपर्यंत ती साल मी अर्धा किलोमीटर मुठीत धरून चाललो, आणि मंजिरी माझ्यापासून चार पावलं अंतर ठेवून.

घ्यायला माझा दूरच्या नात्यातला चुलतभाऊ विवेक आला होता. तो इंदूरचाच, पलासियात बँकेत आहे आणि आत्याच्या इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. जुनं घर पाडून त्याच जागेवर ती चार मजली इमारत उभी आहे. खाली दातांचा दवाखाना, वर कोचिंग क्लास, आणि तिसऱ्या मजल्यावर आत्या, वय वर्षं ब्याण्णव, निवृत्त शिक्षिका, बिनलग्नाची आणि कुणाचं न ऐकणारी. हॅनाबाईंनी जुन्या घराच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र पोस्टमननं सेक्रेटरीच्या हातात दिलं, विवेकनं उत्तरात पोथी अजून घरातच असल्याचं कळवलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

"दादा, वहिनी, पैले पोहे," विवेक म्हणाला. "बाकी सब बाद में."

"आधी आत्याकडे जाऊ की," मी म्हणालो.

"अरे भिया, आत्या भागून थोडीच जातेय? पोहे मात्र नऊ वाजता खतम होतात."

सांगलीत पोह्यांवर ओलं खोबरं असतं. इथे पोह्यांवर शेव असते, शेवेवर जिरावण नावाचा मसाला असतो आणि शेजारी जिलबी. मी जरा चाचरत म्हणालो, "शेव नको माझ्या पोह्यांवर." गाड्यावरच्या माणसानं हातातला झारा थांबवला. विवेकनं त्याला घाईघाईनं सांगितलं, "बाहर के हैं." तेवढ्यावर त्यानं मला माफ केलं आणि शेव घातली.

गुरुवार दुपार

हॅनाबाई हॉटेलवरून आल्या त्या पायातले बूट दाराबाहेर नीट जोडीनं ठेवून. साठीच्या पुढच्या, उंच, केस आखूड, झ्युरिकच्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या. चष्मा उत्तम होता. माझं लक्ष आधी तिकडेच जातं. मी तीन दिवस घोकलेलं स्वागताचं वाक्य ऐन वेळी विसरलो आणि काकांच्या पिवळ्या सायकलीचं म्हणून मोकळा झालो. हॅनाबाईंनी गंभीरपणे माझ्या काकांचं अभिनंदन केलं आणि तिथून पुढे आम्ही इंग्रजीवर आलो.

आत्या दिवाणावर बसली होती. तिनं हॅनाबाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि एवढंच म्हणाली, "नाक लीझचं आहे."

मग नियम सांगितले. वाचणारा घरचा हवा. आंघोळ केलेला हवा, सोवळ्यात हवा. जिथे मोरपीस घातलेलं आहे तिथूनच उघडायची, आणि पुरी होईपर्यंत दुसऱ्या कुणी पोथीला हात लावायचा नाही. हॅनाबाई चार हातांवर बसून त्या लाल फडक्याकडे बघत होत्या. हात त्यांनी स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवले होते.

गीझर बंद होता. जानेवारीतल्या इंदुरात थंड पाण्यानं आंघोळ करून, आजोबांच्या मापाचा रेशमी कद माझ्या पोटावर कसाबसा बसवून मी बाहेर आलो, तेव्हा विवेकनं फोटो काढला. मंजिरीनं तो लगेच मागवून घेतला.

मी पाटावर बसलो. मोरपिसापाशी पान उघडलं. टाइप केलेलं होतं, म्हणजे अक्षरं तरी ओळखीची होती, पण पहिलाच शब्द मालगाडीएवढा लांब. मी इंजिन धरून निघालो आणि डबे मोजत मोजत शेवटपर्यंत गेलो. मग दुसरा शब्द. असं चार ओळी झालं. घाम फुटला, कद सैल झाला.

आत्यानं डोळे उघडले. "काय वाचतोयस?"

"जर्मन."

"हे जर्मन नाही."

"आत्या, तुला जर्मन कळतं?"

"कळत नाही. पण मी ऐकलेलं आहे. डॉक्टरसाहेब वाचायचे तर मधेच आवाज चढायचा, मधेच थांबायचे, एल्झाबाई हसायच्या. तू रेशनकार्डावरची नावं वाचतोयस."

"सही में दादा," विवेक म्हणाला, "मला वाटलं गाडी नंबर अनाउन्स होतोय."

हॅनाबाईंनी रुमाल दातांत धरला होता. मग मंजिरी पुढे झाली. "आत्या, ह्यांच्यापेक्षा हॅनाबाईच वाचतील की. त्यांची भाषा, त्यांच्या आजोबांचीच पोथी."

"वाचणारा घरचा हवा," आत्या म्हणाली.

हे मंजिरीनं इंग्रजीत सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. हॅनाबाई उठल्या आणि खिडकीतून खालच्या वाहतुकीकडे बघत राहिल्या.

आत्यानं पोथी बांधली. "उद्या एकादशी. माझं मौन असतं. परवा बघू."

परवा म्हणजे शनिवार. हॅनाबाईंचं विमान रविवारी सकाळी होतं.

शुक्रवार, सांवेर

आत्या मौनात, तिच्या समोर बसून करायचं काय? विवेकनं रजा टाकली आणि आम्हाला सांवेरला नेलं. तिथे त्याच्या मित्राचं शेत आहे. सोयाबीन निघून गेलेलं होतं आणि नजर जाईल तिथे हिरवा गहू. आमच्याकडे उसात शिरलं की माणूस दिसत नाही. इथे गुडघ्याएवढ्या गव्हात माणूस पार क्षितिजापर्यंत दिसत राहतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बाफले भाजत टाकले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा उकडायचा, भाजायचा आणि मग तुपात बुडवून वर येऊ द्यायचा नाही. हॅनाबाईंनी पहिला बाफला काट्याचमच्याच्या शोधात घालवला, दुसरा हातानं कुस्करला, आणि चौथ्यानंतर खाटेवर आडव्या होऊन म्हणाल्या, "हे खाऊन माझ्या आजोबांनी कादंबरी लिहिली? माझ्यानं तर सहीसुद्धा होणार नाही."

मग त्या बोलायला लागल्या. छावणीत आजोबांची तब्येत ढासळली. युद्ध संपल्यावर बोटीनं युरोपला गेले, झ्युरिकला राहिले, पण पुन्हा काही लिहिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, माझं शेवटचं पुस्तक पोलिसांनी वाचलं. आधीची पुस्तकं जळालेली, हे एक हरवलेलं. घरात लेखकाची खोली होती, लेखक होता, पुस्तक एकही नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आई वारली, तिच्या पेटीत हा पत्ता सापडला.

"एक पान हातात धरलं असतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "पण बाई म्हणतात ते मला पटतं. मी कुठे घरची आहे? आईनं मला इंदूरबद्दल काहीसुद्धा सांगितलं नाही. विचारलं की विषय बदलायची."

यावर काही समजुतीचं बोलावं म्हणून मी गंभीर चेहऱ्यानं उठलो, बांधावरून दोन पावलं गेलो आणि नुकतंच पाणी दिलेल्या काळ्या मातीत बसलो. घसरलो असं म्हणणं सौम्य होईल. माती मला गिळायच्या बेतात होती. एक चप्पल तिनं गिळलीच. विवेक आणि त्याचा मित्र हसत हसत हात द्यायला आले. मंजिरी लांबूनच, घरी म्हणते त्याच सुरात म्हणाली, "उठा, उठा. काही नाही झालं."

हॅनाबाई खाटेवर ताडकन उठून बसल्या.

"काय म्हणालात?"

"ह्यांना म्हटलं, उठा."

"नाही, ते सगळं. पुन्हा म्हणा."

मंजिरीनं पुन्हा म्हटलं. हॅनाबाईंनी ओठ हलवून बघितले आणि मग, झ्युरिकच्या बाईच्या तोंडून, गव्हाच्या शेतात स्वच्छ मराठी आलं: "उठ, उठ. काही नाही झालं."

"आम्ही भावंडं पडलो की आई हे म्हणायची," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, हे तिनंच तयार केलेले शब्द आहेत. बडबडगीतासारखे. याला अर्थ आहे?"

मंजिरीनं अर्थ सांगितला. त्यांनी ते शब्द पुन्हा एकदा, या वेळी हळू, म्हणून बघितले. मी अजून चिखलातच होतो, हे सगळे विसरले होते.

शनिवार

सकाळी आत्याचं मौन सुटलं ते चहाचा पहिला घोट घेता घेता, "अव्याची चप्पल काय झाली?" या प्रश्नानं. मंजिरीनं चपलेची गोष्ट सांगितली आणि त्यातच हॅनाबाईंच्या आईचे ते शब्दही सांगितले.

आत्यानं कप खाली ठेवला.

"जिन्यावरून पडायची ती. रोज पडायची. बूट घालून चढायची ना! मीच सांगायचे तिला, उठ उठ, काही नाही झालं. मी सात वर्षांची, ती सहाची. आणि मोठेपणा किती माझा!" मग जरा थांबून, "पोरांना म्हणायची का ती? जर्मनीत?"

"स्वित्झर्लंडमध्ये," मी दुरुस्ती केली.

"तू गप्प बस. विव्या, त्या हॅनाला फोन कर. म्हणावं आंघोळ करून ये. ती वाचेल."

दहा वाजता हॅनाबाई ओल्या केसांनी पाटावर बसल्या. गुडघे दुमडेनात, तेव्हा आत्यानंच सांगितलं, "पाय पसर गं, डॉक्टरही पसरायचे." समई लावली. आत्यानं फडकं सोडलं आणि पोथी या वेळी पुरी उघडून हॅनाबाईंच्या पुढ्यात ठेवली. "आधी पहिलं पान. मग मोरपिसापासून पुढे."

हॅनाबाईंनी पहिलं पान उचललं आणि तसंच धरून राहिल्या.

त्यावर अक्षर नव्हतं. पिवळा डाग होता, त्यावर लाल डाग, त्यावर पुन्हा पिवळा, कोपऱ्यात चिकटलेला अक्षतांचा एक दाणा आणि मधे कसरीनं केलेली नक्षी. दुसऱ्या पानापासून सगळं शाबूत होतं. पहिलं पान मात्र पुसलेलं.

आत्यानं ते डोळ्यांजवळ नेलं. मी तिला दिलेला चष्मा चांगला आहे, दिसायचं ते तिला दिसलं. "दर चातुर्मासात उघडून पूजा करायची," ती म्हणाली. "पहिल्या पानाला हळदकुंकू, वर पळीभर पाणी. आजी करायची, मग आई, मग मी. कुणी चुकवलं नाही. म्हणजे हे आम्हीच पुसलं की गं!"

आमच्या आत्याला मी कधी कुणाची माफी मागताना बघितलेलं नाही. शाळेत इन्स्पेक्टर तिला घाबरायचे. ती त्या पानावरून बोटं फिरवत होती आणि बोटांना आणखी कुंकू लागत होतं.

"आजकाल मशीनवर निघतं आत्या," विवेक म्हणाला, "स्कॅन करून पुराना लिखा हुआ सगळं..." त्याचा त्याच्यावरच विश्वास नव्हता.

"काही हरकत नाही," हॅनाबाई इंग्रजीत म्हणाल्या. हरकत होती, हे कुठल्याही भाषेत कळलं असतं. पुस्तकाची सुरुवातच नव्हती.

"थांबा," आत्या म्हणाली. "ते पान मला येतं."

"येतं म्हणजे?"

"पोथीचं मंगलाचरण रोज म्हणायचं असतं, असं आजीनं डॉक्टरांना बजावलं होतं. मग ते रोज आधी पहिलं पान वाचायचे आणि मग नवीन. दोन वर्षं रोज! मी आणि लीझ चिकटून बसून ऐकायचो. मला रामरक्षा नंतर आली, हे आधी आलं."

मी घाईघाईनं मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंगचं बटण शोधू लागलो. आत्यानं डोळे मिटले, पदर सारखा केला आणि सुरू केलं.

मला जर्मन येत नाही, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालेलं आहे, पण ते जर्मन होतं. आवाज चढायचा तिथे चढला. थांबायचं तिथे ती थांबली. उच्चार माळव्याच्या पाण्यातले होते, पण हॅनाबाईंची पेन्सिल सुरुवातीला थबकली आणि मग पळत सुटली. मधे एका ठिकाणी आत्या खाकरली. संपल्यावर हॅनाबाईंनी खुणेनं पुन्हा म्हणायला सांगितलं, तर ती त्याच जागी पुन्हा खाकरली. तिसऱ्या वेळीही तिथेच. तेव्हा आमच्या लक्षात आलं की ते खाकरणं आत्याचं नव्हतं. ते डॉक्टरांचं होतं. पाठांतर म्हणजे पाठांतर; त्यात गाळायचं काही नसतं.

दोन शब्द सोडून सगळं पान उतरलं. ते दोनही हॅनाबाईंनी आगेमागे बघून बसवले. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसल्या. बराच वेळ पुसत बसल्या. काचा स्वच्छ होत्या, मी सांगू शकतो.

"अर्थ काय गं याचा?" आत्यानं विचारलं.

पंच्याऐंशी वर्षांनी हा प्रश्न विचारला जात होता. मी मनाची तयारी केली. काहीतरी आत्मा, जगत, असं येणार आणि मला भाषांतर करावं लागणार.

हॅनाबाईंना हसू आवरेना. "एका गावात एक म्हातारी बाई जेवायला बसली आहे," त्या सांगू लागल्या, "आणि स्वयंपाकिणीला म्हणतेय, सूप खारट झालंय. स्वयंपाकीण म्हणते, मीठ कालच्याएवढंच आहे, तुमची जीभ बदलली. बाई म्हणते, आजच्या आज चालती हो. स्वयंपाकीण म्हणते, हे तुम्ही रोज म्हणता, आधी भांडी घासू दे."

मी हे मराठीत सांगितलं. आत्या ऐकत राहिली. ह्या पानासमोर आमच्या घरातल्या चार पिढ्यांनी उदबत्ती ओवाळली होती. नवस बोलले होते. माझी बारावीची परीक्षा ह्या सुपावर पार पडली होती.

"म्हणजे देव कुठेच नाही?"

"पुढे एक धर्मोपदेशक आहेत. पण ते फक्त जेवायला येतात."

"मग बरोबर आहे," आत्या म्हणाली. "आपल्यासारखंच आहे." आणि थोड्या वेळानं, "ठेवली का शेवटी तिला कामावर?"

"ते बघायला पुढचं वाचावं लागेल," हॅनाबाई म्हणाल्या, आणि मोरपिसापाशी उघडून वाचू लागल्या.

दीड तास. आम्ही सगळे बसलो होतो, एक शब्द न कळता. कोचिंग क्लासची घंटा झाली, खाली दातांचं यंत्र घरघरत राहिलं, कुणी उठलं नाही. चालू पोथीवरून उठायचं नसतं. हॅनाबाई मधेच हसायच्या, तेव्हा आत्या समाधानानं मान हलवायची. एल्झाबाईही इथेच हसल्या असत्या. आणि मग एका वाक्याच्या मध्यावर हॅनाबाई थांबल्या. पान उलटून बघितलं. मागे कोरं होतं.

"पुढे नाही," त्या म्हणाल्या. "वाक्य अर्धंच आहे. त्या दिवशी ते लोक आले असणार."

विवेकनं माझ्याकडे बघितलं, मी मंजिरीकडे, आणि आम्ही सगळ्यांनी आत्याकडे. पोथी पुरी झाली नव्हती. पुरी होणारही नव्हती. नियम आत्याचाच होता. हॅनाबाईंनी काही मागितलं नाही. त्यांनी पानं जुळवली, कडा सारख्या केल्या आणि गठ्ठा आत्याच्या पुढ्यात सरकवला.

आत्यानं खडीसाखरेची वाटी घेतली आणि पहिला खडा हॅनाबाईंच्या हातावर ठेवला.

"डॉक्टरांनी जिथवर सांगितलं तिथवर आपण ऐकलं. त्याच्या पुढचं त्यांना सांगू दिलं नाही, त्याला आपण काय करणार? झाली पुरी." तिनं मोरपीस काढून आपल्याजवळ ठेवलं. "हे लीझनं बागेतून आणलं होतं, हे माझ्याकडे राहू दे. बाकी घेऊन जा. फडकं साबणानं धुवू नकोस, रंग जातो. आणि झेरॉक्स पाठव मला. पूजेला चालते का ते बघीन."

हॅनाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, वाकून आत्याच्या पायाला हात लावला. उठताना त्यांचा गुडघा अडकला आणि त्या पुन्हा पाटावर बसल्या.

"उठ, उठ," आत्या म्हणाली. तिला पुढचं म्हणावं लागलं नाही. हॅनाबाईंनीच ते पुरं केलं.

रविवार, परतीच्या बसमध्ये

हॅनाबाईंना विमानतळावर सोडून आम्ही बस धरली. शेवेची तीन पाकिटं मांडीवर होती. मी मोठ्या अभिमानानं मोबाईल काढला आणि मंजिरीला कालचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. आवाज उत्तम आला होता, खाकरण्यासकट. चित्रात मात्र सुरुवातीला माझा अंगठा होता आणि मग शेवटपर्यंत छताचा पंखा.

"निदान आवाज तरी आहे," मी म्हणालो. "आणि बघण्यासारखं होतं काय? आत्या डोळे मिटून बसली होती, एवढंच."

मंजिरी खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "तुम्ही बटण शोधत होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. म्हणायला लागायच्या आधी आत्या दिवाणावर जरा बाजूला सरकल्या. मला वाटलं, माझ्यासाठी जागा करतायत, म्हणून मी बसायला गेले. तर डोळे न उघडता त्यांनी हात आडवा धरला. तशी ती जागा माझ्यापुरती नव्हतीच हो. सहा वर्षांची मुलगी मावेल, एवढीच होती."